चित्रपट अभ्यास (मायनर विषय)

पदवीच्या मुख्य विषयासोबत चित्रपटाचा शिस्तीने अभ्यास करता यावा यासाठी महाविद्यालयांत ठेवला जाणारा आंतरविद्याशाखीय दुय्यम विषय. चित्रपट बनवण्यापेक्षा तो नीट पाहणे, त्याची बांधणी ओळखणे आणि त्यावर पुराव्यानिशी लिहिणे यांवर यात भर असतो. कॅमेरा हाती मिळेल या आशेने आलेले विद्यार्थी पहिल्याच सत्रात हिरमुसतात, म्हणून ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट केलेली बरी.

अमेरिकेतील महाविद्यालयांत असा मायनर साधारणपणे पाच-सहा अभ्यासक्रमांचा असतो. चित्रपट-विश्लेषणाची ओळख आणि चित्रपटाचा इतिहास हे बहुधा सक्तीचे, तर उरलेले साहित्य, इतिहास, मानवशास्त्र, परकीय भाषा अशा विभागांतून निवडायचे असतात. भारतात जादवपूर विद्यापीठाने १९९३ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. महाराष्ट्रात मात्र हा अभ्यास दीर्घकाळ महाविद्यालयाच्या बाहेरच वाढला. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूट व राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा उन्हाळी रसास्वाद अभ्यासक्रम, मुंबईचे प्रभात चित्र मंडळ आणि इतर फिल्म सोसायट्या यांनी तो जोपासला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आखलेल्या पदवी-रचनेत मायनरला १८ ते २० क्रेडिट (अभ्यासाचे तास मोजण्याचे एकक) आहेत आणि तो वेगळ्या विद्याशाखेतूनही घेता येतो. महाविद्यालयाने विषय ठेवला असेल, तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तो खुला होऊ शकतो.

पहिली अडचण वेळापत्रकाची. तासिका पाऊण-एक तासाची आणि चित्रपट दोन-अडीच तासांचा. तुकडे पाडून तीन दिवस दाखवलेल्या चित्रपटाची लय हाती लागत नाही. ‘घरी मोबाइलवर पाहून या’ म्हटले तर अर्धा वर्ग कथासार वाचून येतो. यावर उपाय म्हणजे प्रदर्शनाला प्रात्यक्षिकाचा दर्जा देणे. सिद्धान्ताचे एक क्रेडिट १५ तासांचे, प्रात्यक्षिकाचे ३० तासांचे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटमधून आठवड्याला सलग दोन तास मिळतात. लांब हिंदी चित्रपटांना ते अपुरे पडतात, त्यामुळे आठवड्यातून एक दुपार तीन तासांसाठी राखून ठेवावी लागते.

या विषयाचा कणा म्हणजे शॉटनोंद, म्हणजे प्रत्येक शॉटची (न कापता सलग चालणाऱ्या तुकड्याची) नोंद. दोन-तीन मिनिटांचे एक दृश्य घेऊन त्यातील प्रत्येक शॉटचा अनुक्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी, कॅमेऱ्याचे अंतर (लाँग, मिड, क्लोज-अप), कोन, हालचाल, ऐकू येणारे आवाज आणि पुढच्या शॉटशी असलेला जोड (थेट कट, एक चित्र दुसऱ्यात विरघळणारा डिझॉल्व्ह किंवा काळ्यात मावळणारा फेड) असा तक्ता करायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहावे, दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे, मग थांबत-थांबत नोंदी कराव्यात. तीन मिनिटांच्या दृश्यात ३६ शॉट भरले तर शॉटची सरासरी लांबी ५ सेकंद येते. पण सरासरीवर थांबू नये: मधलाच एखादा शॉट २५ सेकंद चालत असेल, तर दिग्दर्शकाला तिथे कापावेसे का वाटले नाही, हा खरा प्रश्न. नवशिक्याला एवढ्या कामाला सहज तीन-चार तास लागतात. तक्ता न करता लिहिलेला निबंध हमखास कथा सांगत बसतो.

आंतरविद्याशाखीय म्हणजे नेमके काय, हे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल) या चित्रपटावरून चांगले दाखवता येते. त्यातील ‘आधी बीज एकले’ हे पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटते. प्रत्यक्षात ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. मराठीचा विद्यार्थी गाथा उघडून हे पडताळतो. इतिहासाचा विद्यार्थी १९३०च्या दशकातील प्रेक्षकाला संतपट का भावले ते शोधतो, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पगारी कलावंत-तंत्रज्ञांवर चालणाऱ्या स्टुडिओचा हिशेब खुणावतो. हे सगळे प्रश्न मोलाचे आहेत, पण त्यांची उत्तरे पडद्यावरील चौकटीपर्यंत परत यायला हवीत. नाहीतर चित्रपट हा दुसऱ्याच विषयाचे उदाहरण होऊन राहतो. अनेक विभागांनी मिळून चालवलेल्या मायनरमध्ये नेमके हेच बिघडते: साहित्याचे शिक्षक संवादांवर बोलतात, समाजशास्त्राचे आशयावर, आणि प्रकाशयोजना, संकलन, ध्वनी यांना कोणी वाली उरत नाही. म्हणून विश्लेषणाचा अभ्यासक्रम सर्वांत आधी आणि सर्वांना सक्तीचा असावा.

प्रत कोणती पाहिली, याची नोंद निबंधात असलीच पाहिजे. जुन्या बोलपटांच्या चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण साधारण १.३७ : १ असते, तर आजच्या प्रोजेक्टरचे १.७८ : १. चित्र पडदाभर ताणले की चेहरे जवळजवळ ३० टक्के रुंद होतात. मोठे करून बसवले की वर-खालचा मिळून जवळजवळ पाव भाग कापला जातो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे हेच बरोबर. सेकंदाला १६ चौकटी (फ्रेम) या गतीने चित्रित झालेला मूकपट २४च्या गतीने दाखवला तर माणसे दीडपट वेगाने धावतात आणि गंभीर दृश्यालाही वर्गात हशा पिकतो. युरोपीय दूरचित्रवाणीसाठी २४ऐवजी २५च्या गतीने काढलेल्या प्रतीत १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. दोन विद्यार्थ्यांचे शॉटचे सेकंद जुळत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. बहुतेक भारतीय मूकपट तर नष्टच झाले आहेत. तिथे पुस्तिका, जाहिराती आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि न पाहिलेल्या चित्रपटाच्या शैलीवर मत देण्याचा मोह टाळावा लागतो.

प्रदर्शनाच्या परवानगीबाबत महाविद्यालये उगाच धास्तावतात किंवा पूर्ण बेफिकीर असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील, तर चित्रपट दाखवता येतो. बाहेरच्यांना बोलावले की ही सवलत लागू होत नाही. ओटीटीचे वैयक्तिक खाते वापरून वर्गात चित्रपट लावायचा असेल, तर त्या सेवेच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात. डीव्हीडी किंवा वितरकाकडून रीतसर मिळवलेली प्रत ग्रंथालयात ठेवणे अधिक सोयीचे, कारण शॉटनोंदीसाठी विद्यार्थ्याला तीच प्रत पुन्हा पुन्हा लागते.