चांद्र अशनी

लघुग्रह किंवा धूमकेतू आदळल्यामुळे चंद्राच्या पृष्ठावरून उडालेले आणि कालांतराने पृथ्वीवर पडलेले खडक. चंद्रावरून दगड येतात ही कल्पना जुनी आहे. जर्मन खगोलज्ञ ओल्बर्स यांनी १७९५ मध्ये आणि फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १८०२ च्या सुमारास अशनी हे चंद्रावरील ज्वालामुखींनी फेकलेले दगड असावेत, असे सुचविले होते. बहुतेक अशनी लघुग्रहांपासून येतात हे स्पष्ट झाल्यावर हे मत मागे पडले. टेक्टाइट या नैसर्गिक काचेचे मूळ चंद्रावर असल्याचे मतही अपोलो मोहिमांतील नमुन्यांच्या विश्लेषणानंतर टिकले नाही. तथापि चंद्राचा मुक्तिवेग (त्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यास लागणारा किमान वेग) अवघा २.३८ किमी. प्रतिसेकंद असल्याने (पृथ्वीचा ११.२) मूळ कल्पनेत यामिकीच्या दृष्टीने अशक्य असे काही नव्हते.

चांद्र म्हणून ओळखला गेलेला पहिला अशनी अ‍ॅलन हिल्स ८१००५ होय. सुमारे ३१ ग्रॅमचा हा दगड जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकातील बर्फावर मिळाला. त्याच्या काळपट आधारकातील (तुकड्यांमधील सूक्ष्मकणी द्रव्यातील) पांढरे ॲनॉर्थोसाइटी (मुख्यतः फेल्डस्पार खनिजाचे) तुकडे पाहून अशनितज्ज्ञ ब्रायन मेसन यांनी त्याचे अपोलो नमुन्यांशी असलेले साम्य ओळखले. लोह-मँगॅनीज गुणोत्तर व ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंवरून) त्याला पुष्टी मिळाली. जपानी पथकाने यामातो ७९११९७ हा अशनी १९७९ मध्येच गोळा केला होता, पण तो चांद्र असल्याचे नंतर कळले. म्हणून पहिला सापडलेला आणि पहिला ओळखलेला अशनी यांत फरक करणे योग्य ठरते.

उत्क्षेपणाची (खडक चंद्रावरून उडण्याची) यंत्रणा हा या विषयातील सर्वांत चर्चिलेला भाग आहे. मुक्तिवेग गाठण्याइतका जोराचा धक्का बसला, तर खडक वितळेल किंवा त्याची वाफ होईल, असा आक्षेप होता. प्रत्यक्ष अशनींत मात्र तितक्या तीव्र आघाताच्या खुणा आढळत नाहीत. मेलोश यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार आघात तरंग मोकळ्या पृष्ठाशी पोहोचताच विरलन तरंगाच्या (दाब कमी करणाऱ्या तरंगाच्या) रूपात परततो. पृष्ठालगतच्या पातळ थरात हे दोन तरंग एकमेकांवर पडल्याने तेथे दाब फार चढत नाही, पण खोलीनुसार तो झपाट्याने बदलतो. या तीव्र दाब-उतारामुळे थराचे तुकडे मोठ्या वेगाने आणि बऱ्याच अंशी अभंग सुटतात. तिरप्या आघातात निघणाऱ्या वाफेच्या झोताबरोबर तुकडे ओढले जातात, असेही एक मत आहे. बरेच चांद्र अशनी पृष्ठाखालील काही मीटरांच्या आतूनच आलेले दिसतात. ही गोष्ट पहिल्या उपपत्तीशी अधिक जुळते.

ही खोली आणि प्रवासाचा काळ दोन्ही विश्वकिरणांमुळे (अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांमुळे) कळतात. चंद्रावर पडून असलेल्या दगडावर किरण केवळ वरच्या बाजूने येतात, अवकाशात सर्व बाजूंनी. त्यातून निर्माण होणाऱ्या किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या, म्हणजे बेरिलियम-१० (अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्याचा काळ, सुमारे १४ लाख वर्षे), ॲल्युमिनियम-२६ (सुमारे ७ लाख), क्लोरीन-३६ (सुमारे ३ लाख) आणि कॅल्शियम-४१ (सुमारे १ लाख) यांच्या प्रमाणांवरून दगड चंद्रावर किती खोल होता, अवकाशात किती काळ होता आणि पृथ्वीवर केव्हा पडला, हे ठरविता येते. एकाच दगडात हे तिन्ही टप्पे नोंदलेले असावेत, हे या अभ्यासाचे मोठे आकर्षण आहे.

चंद्राच्या गुरुत्वातून जेमतेम सुटलेले काही तुकडे पृथ्वीभोवतीच फिरत राहतात व तुलनेने लवकर कोसळतात. पुष्कळसे मात्र पृथ्वीच्या कक्षेसारख्याच सूर्यकेंद्री कक्षांत जातात आणि पृथ्वीशी पुन्हापुन्हा जवळीक होऊन अखेर तिच्यावर पडतात. ग्लॅडमन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये संगणकीय गणनेने हे दाखविले. बहुतेक अशनींचा प्रवास १० लाख वर्षांपेक्षा कमी आहे. बोट्‌स्वानातील कालाहारी ००९ साठी तो केवळ काहीशे वर्षे इतका निघाला आहे. उलट यामातो ८२१९२ आणि त्याच्या जोडीचे तुकडे सुमारे १ कोटी वर्षे भटकले असावेत.

उगमविवरांविषयी (अशनी ज्या आघातविवरांतून उडाले त्यांविषयी) मतभेद होते. सर्व अशनी एखाद्याच मोठ्या आघाताचे असावेत, ही शक्यता प्रारंभी विचारात घेतली गेली. परंतु उत्क्षेपणाचे काळ आणि घटकद्रव्ये इतकी वेगवेगळी आहेत की, अनेक आघात मानणेच सयुक्तिक ठरते. काही किमी. व्यासाची विवरेही त्यासाठी पुरेशी असल्याचे वॉरन यांनी १९९४ मध्ये दाखविले. विशिष्ट विवराशी सांगड क्वचितच घालता आली आहे. ओमानमधील सायह अल उहायमिर १६९ हा थोरियमसमृद्ध दगड लालांद विवराजवळचा असावा, असे २००४ मध्ये सुचविण्यात आले. तो सुमारे ३.४ लाख वर्षांपूर्वी किंवा त्यानंतर उडाला असावा.

आतापर्यंतचे चांद्र अशनी प्रामुख्याने अंटार्क्टिका, सहारा व ओमानच्या वाळवंटांतून मिळाले असून त्यांत उच्चभूमीचे फेल्डस्पारयुक्त कोणाश्म (तुकडे सांधून बनलेले खडक) आणि चांद्र सागरांतील (लाव्ह्याच्या काळपट मैदानांतील) बेसाल्ट असे दोन्ही प्रकार आहेत. पडताना पाहून मागाहून मिळालेला चांद्र अशनी अद्याप नोंदलेला नाही.