लॉनखाली लाल माती आहे की लाल मुरूम?

नवीन रो-हाउसचा ताबा मिळून दोन महिने झाले की हे वाक्य ऐकू येतंच: "लॉन पिवळी पडतेय हो, माती तर छान लाल आहे!" मग कुणी पाणी वाढवायला सांगतं, कुणी मूठभर युरिया. उकरून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही. पुण्याच्या आसपास उकरलंत तर बऱ्याचदा मुरूम लागेल.

माती कशी असते ते सांगत बसत नाही, कुंडी भरली असेल तर ती हाताला माहीत आहे. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला कातळ. ओला झाला की लाल मातीचा सख्खा भाऊ वाटतो, आणि फसगत होते ती इथेच.

बिल्डर मुरूम आणतो भरावासाठी. पाणी मारा, धुम्मस किंवा रोलर फिरवा, की तो घट्ट बसतो. जोत्याखाली आणि रस्त्याखाली तो हवा तो याच गुणासाठी. गवताला हवं असतं नेमकं उलटं: भुसभुशीत, पोकळी असलेलं, हवा आणि पाणी दोन्ही खेळू देणारं. आणि लॉनवर आपण रोज काय करतो? पाणी मारतो नि वरून चालतो. म्हणजे मुरूम बसवायचं उरलेलं काम आपल्याच हातून, खरं तर पायाखालून, होतं! पाणी खाली मुरत नाही, मुळांशी साचून त्यांना गुदमरवतं. दोन दिवस पाणी चुकलं तर वरचा पातळ थर कोरडाठाक. दोन्ही वेळा गवत पिवळंच, त्यामुळे "पाणी कमी पडतंय" हे निदान दर वेळी खरं वाटतं.

आमच्या अंगणात कोपऱ्यातली लॉन धरून ओढली, तर गोधडीसारखी अख्खी उचलली गेली. वर दीड इंच माती, तिच्यात शेवयांसारखी आडवी पसरलेली पांढरी मुळं. खाली गुळगुळीत मुरूम, त्यात सिमेंटचा गिलावा आणि विटांचे तुकडे. एकही मूळ आत शिरलेलं नव्हतं. युरियाच्या दोन पिशव्या मात्र संपल्या होत्या.

शंका असेल तर काचेच्या बरणीत मूठभर नमुना आणि पाणी घालून जोरात हलवा. मुरूम असेल तर बहुतेक सगळा खडा मिनिटभरात तळाला बसतो. मातीचं पाणी कितीतरी वेळ गढूळ राहतं.

मुरमावर आणखी दोन इंच माती पसरून देणारे माळी भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. लॉन उचलून सावलीत पसरून ओली ठेवा, निदान सहा इंच मुरूम आणि सगळा राडारोडा काढा, खालचा थर टिकावाने फोडा. मग पोयटा (गाळाची माती) दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग. ताजं शेण नको. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला. पाणी देऊन माती आठवडाभर बसू द्या, खड्डे पडतील ते भरा, आणि मगच गवत अंथरा.

गवत कोरियन की हरळी, हा वाद त्यानंतरचा. मुलं खेळणार असतील तर मी डोळे मिटून हरळी लावीन.