भोक लहान, म्हणजे गोळी इथूनच शिरली?

परवा एका मालिकेतला इन्स्पेक्टर प्रेतावर वाकला आणि दोन सेकंदांत म्हणाला, "पुढे छोटं भोक, मागे मोठं. गोळी समोरून आली." हा समज मालिकावाल्यांपुरता असता तर हसून सोडला असता. पण अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोळीबारात दगावलेल्या 46 जणांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या जखमांबद्दलच्या नोंदी शवविच्छेदनाशी ताडून पाहिल्या, तर 24 जणांच्या नोंदी चुकलेल्या निघाल्या.

त्याच वर्षी केंटकीतले डॉ. विल्यम स्मॉक क्लिनिकल फॉरेन्सिक मेडिसिनची फेलोशिप पूर्ण करणारे अमेरिकेतले पहिले डॉक्टर ठरले. मूळचे ते इमर्जन्सीचे डॉक्टर. पण शवचिकित्सक मेलेल्याची जखम जशी वाचतो, तशी जिवंत माणसाची वाचायची, हे त्यांचं काम झालं. पुढे ते लुइव्हिल पोलिसांचे सर्जन झाले आणि 2021 मध्ये जॉर्ज फ्लॉइड खटल्यात त्यांनी साक्ष दिली.

आता ती जखम. गोळी टेकते तेव्हा कातडी आधी आत ताणली जाते, मग फाटते. आत शिरताना गोळी कडेची कातडी खरवडते, म्हणून भोकाभोवती लालसर, खरचटलेलं कडं उमटतं. बाहेर पडताना कातडी आतून ढकलली जाते, त्यामुळे कडं नसतं. मात्र बाहेरून पट्टा, भिंत किंवा घट्ट कॉलर टेकलेली असेल तर तिथेही खरचटतं, आणि भोकही लहान राहतं! उलट, बंदुकीची नळी डोक्याला टेकवून बार काढला, तर गरम वायू कातडी आणि कवटीच्या मध्ये घुसतो. पुढे हाड, जायला वाट नाही. कातडी फुगते आणि चांदणीसारखी फाटते. मग शिरतानाची जखमच मोठी. बार वीत-दीड वितीवरून झाला असेल तर काजळी दिसते. त्याहून लांबून, साधारण दोन-तीन फुटांपर्यंत, बंदुकीच्या दारूचे न जळलेले कण कातडीत रुततात. हे गोंदण पुसलं तरी जात नाही, काजळी मात्र जाते.

22 नोव्हेंबर 1963 ला डॅलसमध्ये डॉ. माल्कम पेरींनी गोळी लागलेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या गळ्यावरच्या छोट्या भोकातूनच श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी छेद घेतला. जीव वाचवायचा होता, दुसरं काय करणार? पण दुपारी पत्रकारांसमोर ती जखम गोळी शिरल्याची वाटते, असं ते बोलून गेले. रात्री शवविच्छेदन करणाऱ्यांना तिथे फक्त छेद दिसला. खाली जखम होती हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने ती मागून आलेली गोळी बाहेर पडल्याची जखम ठरवली. कॉलर-टायमुळे ती लहान राहिली, असं स्पष्टीकरण काहीजण देतात. पण कटाच्या कथांना तोवर खाद्य मिळालं होतं, ते अजून पुरतंय.

आपल्याकडे एमएलसी, म्हणजे पोलिस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद, रात्रपाळीचा कॅज्युअल्टीतला डॉक्टर लिहितो. त्याने 'शिरली', 'बाहेर पडली' हे लिहूच नये. माप, कडं, काजळी, गोंदण लिहावं. रुग्ण स्थिर असेल तर पुसण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. आणि शर्ट कापताना कात्री भोकातून नको, बाजूने चालवावी.