तिघांपैकी दोघांचे मत: सुरक्षा यंत्रणेतील मतदानाची पार्श्वभूमी

दाब किंवा पातळी धोक्याच्या रेषेपुढे गेली की प्लांट थांबवणारी ट्रिप यंत्रणा एकाच सेन्सरवर सोपवली, तर तो दोन तऱ्हांनी दगा देऊ शकतो: कारण नसताना ट्रिप देऊन चालता प्लांट बंद पाडतो, किंवा खरी वेळ येते तेव्हा गप्प राहतो. दोन सेन्सर लावून कोणाही एकाचे ऐकायचे ठरवले तर गप्प राहण्याची भीती घटते, पण खोट्या ट्रिप वाढतात. दोघांचे एकमत मागितले तर नेमके उलटे होते. या पेचातून वाट काढली ती तिसऱ्या सेन्सरने. तिघांपैकी दोघे सांगतील ते मान्य, या ‘टू आऊट ऑफ थ्री’ नियमात एक ट्रान्समीटर (मोजमाप कळवणारा सेन्सर) कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याचे माप तपासून जुळवण्यासाठी, काढला तरी उरलेले दोघे पहाऱ्यावर असतात, आणि रोजच्या कामात ही सोय फार मोलाची ठरते.

प्रागमध्ये आंतोनिन स्वोबोदा यांनी १९५०च्या दशकात उभारलेल्या ‘सापो’ संगणकात रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, बेभरवशाचे होते, म्हणून तीन विभाग एकच गणित करीत आणि बहुमताचे उत्तर पुढे जाई. बेभरवशाच्या घटकांतून भरवशाची यंत्रणा कशी घडवावी, याची सैद्धांतिक मांडणी जॉन फॉन नॉयमन यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. पुढे सॅटर्न ५ अग्निबाणाच्या संगणकाचे लॉजिक तिहेरी ठेवले गेले. भारतातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही, तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या दोन युनिटांसह, शटडाउनचा निर्णय तीन चॅनेलांपैकी दोहोंवर होतो. तेल व रसायन उद्योगात तिहेरी प्रोसेसर आले ते १९८०च्या दशकात.

मात्र बहुमताचे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे: तिघे एकाच कारणाने बिघडणार नाहीत. तीन ट्रान्समीटर एकाच टॅपिंगवर, म्हणजे दाब मोजण्यासाठी पाइप किंवा टाकीतून काढलेल्या तोंडावर, बसवले आणि ते टॅपिंग गाळाने चोंदले, तर तिघेही एकमताने जुनाच दाब दाखवत राहतात आणि मतदान बिनचूक पार पडूनही निर्णय चुकतो. अशा समान कारणाच्या बिघाडांचा हिशेब मांडणारा ‘बीटा फॅक्टर’ १९७०च्या दशकात अणुउद्योगातून पुढे आला, आणि १९९८ ते २००० या काळात प्रसिद्ध झालेल्या आयईसी ६१५०८ या सुरक्षा यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने तो इतर उद्योगांच्याही हिशेबात आणला. माझ्या मते सेन्सरची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांचे टॅपिंग, बनावट आणि देखभाल वेगवेगळी ठेवण्यात अधिक सुरक्षितता आहे.

देखभालीचे मोल इंग्लंडमधील बन्सफील्डच्या तेलसाठ्यावर दिसले. तेथे मतदान नव्हते. पातळी दाखवणारा गेज आणि त्याहून स्वतंत्र असा, पातळी फार चढली की भरणे थांबवणारा हाय लेव्हल स्विच, अशी दुहेरी व्यवस्था होती. ११ डिसेंबर २००५च्या पहाटे तीनच्या सुमारास ९१२ क्रमांकाच्या टाकीचा गेज अडकला. आधीच्या साडेतीन महिन्यांतही तो चौदा वेळा अडकला होता. पेट्रोल चढत राहिले, आणि स्विचही चालला नाही, कारण त्याची चाचणीची दांडी जागेवर धरून ठेवणारे कुलूप लावलेलेच नव्हते. सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला.