हॅम्बुर्गचे चाक, शाहूपुरीचे ताट

नोव्हेंबर सरता सरता कोल्हापुरातल्या शाहूपुरीत, आमच्या गल्लीत एका घराच्या सोप्यात पितळी ताट मांडले जाते. ताटात सुरूच्या डहाळ्या गोल रचलेल्या, त्यांत दिवाळीतल्या उरलेल्या चार पणत्या आणि मधोमध एक जाड पांढरी मेणबत्ती. दर रविवारी संध्याकाळी एक पणती वाढते. घर ख्रिस्ती आहे, पण जमणारी पोरे सगळ्या घरांतली. एक गोष्ट, एक गाणे, मग मूठभर गूळ-शेंगदाणे. अर्ध्या तासात सगळे आटोपते. त्या घरच्या मावशी याला ‘आगमनकाळ’ म्हणतात, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे दिवस. पोरांच्या तोंडी मात्र ‘पणतीचा रविवार’ बसला आहे.

पाहणाऱ्याला वाटते, हा चर्चमधला जुनापुराणा विधी असणार. काळ जुना आहे हे खरे. दिवे मात्र तसे अलीकडचे, आणि ते मुळात लावले गेले मुलांच्या कटकटीमुळे.

आधी काळाचे पाहू. आगमनकाळाचे इंग्रजी नाव ‘अ‍ॅडव्हेंट’. हा शब्द लॅटिन ‘आद्व्हेंतुस’वरून आला, अर्थ आगमन. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करायची शिस्त घालून दिली. पुढे रोमच्या परंपरेत हा काळ आखडून चार रविवारांवर आला. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळ, तो पहिला. म्हणजे सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही होते आणि काळ २२ ते २८ दिवसांचा भरतो. या सगळ्या इतिहासात उपास आहे, पश्चात्ताप आहे, जांभळी वस्त्रे आहेत. मुले कुठेच नाहीत.

मुले आली १८३९ साली. योहान हिन्रिख विखर्न हे हॅम्बुर्गचे लूथरन धर्मसेवक. १८३३ मध्ये त्यांनी शहराबाहेर ‘राउहेस हाउस’ नावाचे घर उघडले. अनाथ, रस्त्यावर वाढलेल्या, भुकेपायी चोरी केलेल्या मुलांसाठी. हॅम्बुर्ग हे बंदराचे शहर, कारखानदारी वाढत होती आणि झोपड्याही. डिसेंबर लागला की ही मुले रोज विचारायची, नाताळ आज आहे का? उद्या आहे का? आपल्याकडे गणपतीच्या आधी पोरे जसे डोके खातात, तसेच. विखर्न यांनी उत्तरादाखल बैलगाडीला शोभेल असे एक जुने लाकडी चाक घेतले, त्यावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस लहान लाल मेणबत्त्या बसवल्या आणि ते दिवाणखान्यात टांगले. एरवीच्या दिवशी लाल, रविवारी पांढरी, रोज एक जास्त. किती उरले हे विचारायला नको, मोजून घ्या.

१८३९ साली १ डिसेंबरला रविवारच होता, म्हणून हिशेब नेमका चोवीसचा आला. इतर वर्षी लाल मेणबत्त्या १८ ते २४ यांत कमीजास्त कराव्या लागत. मोजायला शिकणाऱ्या पोरांना याहून चांगले गणित कुठले?

हिरव्या डहाळ्या मागाहून आल्या. घराघरांत चोवीस मेणबत्त्यांचे चाक कोण ठेवणार, म्हणून फक्त चार उरल्या. कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र पहिल्यांदा दिसले ते १९२५ साली, कोलोन शहरात. म्हणजे गोष्ट आधी मुलांच्या खोलीत रुजली आणि वेदीपाशी नंतर पोहोचली. आशा, शांती, आनंद, प्रेम ही नावेही चार ज्योतींना पुढे चिकटली. त्यांचा क्रम चर्चच्या मंडळीगणिक बदलतो, आणि आमच्या मावशींचा तर वर्षागणिक. दाराआडून रोज एक चित्र दाखवणारी दिनदर्शिका ही याच घराण्यातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी ती छापून विकायला काढली. तिच्यात आता चॉकलेट असते, त्यामुळे तिची आणि संयमाची फारकत झाली आहे.

आता कोल्हापूर. इथे अमेरिकन मिशनचे काम १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी सुरू केले. शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. ते व्हर्माँटचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या वळणात वाढलेले. त्याच मुलखातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंटांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये उठला, पण सणावाराविषयीचा संशय बराच काळ टिकला. बायबलमध्ये नाही ते पाळायचे नाही, असा खाक्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नाताळची सुट्टी दिली तीच १८७० मध्ये. वाइल्डर यांच्या सामानात आगमनचक्र असण्याचे काही कारणच नव्हते. प्रार्थना, बायबल, शाळा आणि शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, ही त्या मिशनची साधने. पंचांग हा त्यांचा प्रांत नव्हे. गावातल्याच ऑल सेंट्स चर्चच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणात मात्र आगमनाचे चार रविवार प्रार्थनापुस्तकातच होते. म्हणजे एकाच गावात, एकाच रविवारी, एका मंडळीत आगमनकाळ सुरू होई आणि दुसऱ्या मंडळीत तो साधा रविवार असे.

या दोन वळणांना एका छताखाली आणणारी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झाली. तारीख कॅलेंडरवर पडताळून पाहिली, तर तो आगमनकाळाचा पहिलाच रविवार. आज कोल्हापूर हे तिच्या एका धर्मप्रांताचे ठिकाण आहे.

मराठीत मात्र ही वाट पाहण्याची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांच्या, १६१६ साली छापलेल्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत, आणि पहिला सगळा भाग जुन्या करारातल्या पिढ्यांच्या प्रतीक्षेचा. येशूचा जन्म यायला श्रोत्याला हजारो ओव्या बसावे लागते.

गल्लीतल्या इतर घरांना हा प्रकार परका वाटत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. साधारण याच दिवसांत मार्गशीर्षातले गुरुवार येतात. अंबाबाईच्या गावात घट मांडून, कहाणी वाचून, शेवटच्या गुरुवारी उद्यापन करणाऱ्या बाईला ‘चार रविवार’ समजावून सांगावे लागत नाहीत. दोन्हींचा अर्थ एक नव्हे, आणि मावशीही तसे म्हणत नाहीत. पण गुरुवारी त्या हळदीकुंकवाऐवजी फळ घेऊन येतात आणि रविवारी समोरच्या काकूंचा नातू वातीला तेल घालतो.

पहिली पणती सगळ्यांत धाकट्याने लावायची, हा अनेक घरांतला रिवाज इथेही आहे. त्यावरून दरवर्षी भांडण होते, कारण धाकटे कोण हे दरवर्षी बदलते. २०२३ साली वेगळाच तंटा झाला. त्या वर्षी आगमनकाळ ३ डिसेंबरला लागला, म्हणजे पुरा २२ दिवसांचा, आणि चौथा रविवार आला थेट २४ तारखेला. चौथी पणती सकाळी लागली आणि संध्याकाळी मधली पांढरी मेणबत्ती. चौथी लावायचा मान दुसरीतल्या एका मुलीकडे होता. तिचे म्हणणे, बाकीच्यांना आख्खा आठवडा मिळाला, मला एकच दिवस. मावशींनी कॅलेंडर काढून दाखवले, की असा योग पुन्हा २०२८ मध्ये आहे. मुलीने बोटांवर मोजले आणि म्हणाली, तेव्हा मी सातवीत असेन, तेव्हा पहिली मला द्या.