एनजीआय झिरो कॉमन्स फंड: ओपन सोर्स कामासाठी युरोपीय अनुदानाचा अर्ज

युरोपीय संघाच्या 'होरायझन युरोप' कार्यक्रमातून संयुक्त प्रकल्पासाठी पैसे मिळवायचे, तर साधारणपणे तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था एकत्र याव्या लागतात. प्रत्येक संस्थेला पोर्टलवर नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि अर्ज कित्येक पानांचा होतो. एकट्या प्रोग्रॅमरला किंवा तीन-चार जणांच्या गटाला तिथे जागाच नसते. म्हणून युरोपीय आयोग काही रक्कम मध्यस्थ संस्थांकडे सोपवतो आणि त्या ती लहान अनुदानांच्या रूपाने पुढे वाटतात. याला कॅस्केड फंडिंग म्हणतात. डिजिटल क्षेत्रातला यातला सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या एनएलनेट फाउंडेशनकडचा एनजीआय (नेक्स्ट जनरेशन इंटरनेट) झिरो कॉमन्स फंड. २०२४ ते २०२७ या काळासाठी त्यात अनुदानापोटी २ कोटी १६ लाख युरो ठेवलेले आहेत. लेमी (दुवे आणि चर्चांचं जाळं), क्रिप्टपॅड (एकत्र लिहिण्यासाठीची कूटबद्ध ऑफिस साधनं), सर्वो (ब्राउझरचं इंजिन) या प्रकल्पांना एनएलनेटकडून अनुदान मिळालेलं आहे. यावरून इथे कोणत्या प्रकारचं काम चालतं, याचा अंदाज यावा.

पहिल्या अर्जात ५,००० ते ५०,००० युरो मागता येतात. ते काम नीट पार पडलं तर पुढच्या अर्जात जास्त रक्कम मागता येते.

पात्रता

अर्जदार व्यक्ती असो, कंपनी असो, विद्यापीठ असो की नोंदणी नसलेला गट, कोणालाही अर्ज करता येतो. युरोपात राहण्याची अट नाही, त्यामुळे पुण्यातून किंवा पणजीतूनही अर्ज करता येतो. चाळणी अर्जदाराची नाही, कामाची लागते आणि तिथे चार गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली, काम मुख्यतः संशोधन आणि विकासाचं हवं. यात नवीन कोड लिहिणं आलंच, पण जुन्या प्रकल्पाची सुरक्षा तपासणी, चाचणी यंत्रणा, दस्तऐवजीकरण, दृष्टिहीनांना वापरता येईल अशी रचना, लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांवर सहज बसवता येईल असं पॅकेज बांधणं, मानकं ठरवणाऱ्या संस्थांमधला सहभाग हेही चालतं. कामासाठी आवश्यक असेल तर तांत्रिक परिषदेचा प्रवासखर्चही धरता येतो. जाहिरात, विक्री किंवा कंपनीचा रोजचा खर्च मात्र बसत नाही.

दुसरी, जे तयार होईल ते सगळं मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल असं, खुलं करावं लागतं. गाभा खुला आणि 'प्रो' आवृत्ती बंद, अशी रचना असेल तर पैसे फक्त खुल्या भागालाच मिळतील. तो भाग बंद भागाशिवाय चालतो का, हेही विचारलं जाईल.

तिसरी, विषय फंडाच्या चौकटीत बसला पाहिजे, म्हणजे इंटरनेटचा खुला, विश्वासार्ह आणि सर्वांच्या मालकीचा पाया. त्यात चिप आणि फर्मवेअरपासून (उपकरणाच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) प्रोटोकॉल, ब्राउझर, सर्वसामान्यांची अ‍ॅप्स इथपर्यंत सगळं येतं.

चौथी अट युरोपीय संबंधाची. भारतातले अर्ज इथेच अडखळतात. 'हे सॉफ्टवेअर जगात कुणालाही वापरता येईल' हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. युरोपातला सहकारी प्रकल्पात आहे का? तिथली विद्यापीठं, पालिका किंवा ग्रंथालयं हे आज वापरतात का? युरोपात सांभाळल्या जाणाऱ्या एखाद्या मोठ्या प्रकल्पात हा कोड जाणार आहे का? यांपैकी एक तरी दुवा नावानिशी सांगता आला पाहिजे. तसा दुवा नसेल तर आधी तो जोडावा. ज्या प्रकल्पात काम जायचं आहे त्याच्या मुख्य देखभालकर्त्याला कल्पना द्यावी आणि त्याने सार्वजनिक चर्चेत दिलेल्या होकाराचा दुवा अर्जात टाकावा. लांबलचक शिफारसपत्रापेक्षा याचं वजन जास्त.

तारखा

अर्जाची मुदत दर दोन महिन्यांनी, फेब्रुवारी, एप्रिल, जून अशी सम महिन्यांच्या १ तारखेला मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी १२ वाजता संपते. भारतात तेव्हा डिसेंबर आणि फेब्रुवारीत संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात, तर एप्रिल ते ऑक्टोबरच्या फेऱ्यांना साडेतीन, कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं. अर्ज लिहायला घेण्याआधी एनएलनेटच्या संकेतस्थळावर चालू कॉलची, म्हणजे अर्ज मागवलेल्या फेऱ्यांची, यादी पाहून घ्या. एकाच अर्जातून वेगवेगळे फंड निवडता येतात, म्हणून सर्वांत वर योग्य फंड निवडलाय याचीही खात्री करा.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज इंग्रजीत आणि ऑनलाइन भरायचा असतो. या टप्प्यावर ताळेबंद, नोंदणी प्रमाणपत्र, पदवीचे दाखले यांतलं काहीच लागत नाही. नाव, ईमेल, फोन, देश, प्रकल्पाचं नाव, त्याच्या पानाचा किंवा रिपॉझिटरीचा (कोड ठेवलेल्या जागेचा) दुवा आणि मग खरे प्रश्न.

सारांशाला १,२०० अक्षरं मिळतात. शब्द नव्हे, अक्षरं. यात प्रकल्प काय आहे आणि शेवटी हातात काय येणार, एवढंच बसतं. 'डिजिटल युगात गोपनीयतेचं महत्त्व' यावर तीन वाक्यं घालवली तर सारांश तिथेच संपला. तपासणारे याच विषयातले असतात, त्यांना प्रस्तावना नको असते. नंतर पूर्वीचं काम विचारतात. तिथे स्वीकारल्या गेलेल्या कोडचे थेट दुवे द्यावेत.

आधीच्या आणि समांतर प्रयत्नांशी तुलना हा रकाना बहुतेक जण घाईत उरकतात. असं दुसरं काही नाहीच, हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचं असतं आणि वाचणाऱ्याला ते बहुधा ठाऊक असतं. तीन-चार प्रकल्पांची नावं घ्या, त्यांनी कोणता तांत्रिक मार्ग धरला, तो कुठे अडला आणि आपण त्यांनाच सुधारण्याऐवजी वेगळं का करतोय, ते लिहा. याला उत्तर नसेल, तर त्यांना सुधारण्याचाच प्रस्ताव द्या. तसे अर्जही मंजूर होतात.

खर्चाच्या रकान्यात एकच ठोक आकडा नको. कामं, प्रत्येकाचे तास आणि दर लिहा. समजा, चॅट क्लायंटमध्ये कूटबद्ध गटकॉलची सोय करायची आहे. प्रोटोकॉलची अंमलबजावणी १६० तास, चाचण्या आणि फझिंग (मुद्दाम वेडावाकडा डेटा देऊन चुका शोधणं) ८०, स्क्रीन रीडरची सोय ६०, दस्तऐवज आणि पॅकेजिंग ६०, मुख्य प्रकल्पाच्या परीक्षणानंतरच्या दुरुस्त्या ४०. एकूण ४०० तास, ताशी ४५ युरो, म्हणजे १८,००० युरो. शेवटचे ४० तास लोक हमखास विसरतात आणि मग कोड महिनोन्‌महिने मुख्य प्रकल्पात विलीन न होता पडून राहतो. याच कामासाठी दुसरीकडून पैसे मिळत असतील तर तेही इथेच सांगायचं. एकाच कामाचे दोनदा पैसे घेता येत नाहीत आणि आधीच झालेल्या कामाचेही मिळत नाहीत.

जोडपत्रं पीडीएफ, एचटीएमएल, ओपनडॉक्युमेंट किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्यावीत. खुल्या मानकांचा आग्रह धरणाऱ्यांकडे वर्डची फाइल पाठवणं तसंही शोभत नाही. अर्ज लिहिताना एआयची मदत घेतली असेल तर ते जाहीर करावं लागतं आणि कोणतं मॉडेल, कधी, काय विचारलं आणि आलेलं मूळ उत्तर काय, याची नोंद जोडावी लागते. ती पहिल्यापासूनच ठेवावी, कारण मागाहून जुळवता येत नाही.

निवड

गुणांत ४० टक्के भार उपयुक्तता आणि परिणामाला, ३० टक्के तांत्रिक दर्जाला आणि ३० टक्के पैशाच्या मानाने किती काम मिळतं याला. म्हणून कमी रक्कम मागितली की काम झालं, असं नाही. तासांच्या मानाने रक्कम फारच कमी दिसली तर काम तडीस जाईल का, हीच शंका येते. पहिल्या चाळणीतून पुढे गेलेल्यांना ईमेलने प्रश्न येतात: हे काम का, दर असा का, अमुक लायब्ररी का नाही. उत्तरं मुदतीत आणि मुद्द्याला धरून द्यावीत. काही कामं वगळायला सुचवलं तर रक्कम त्या हिशोबाने कमी करून सुधारित यादी पाठवावी. त्यानंतर बाहेरच्या स्वतंत्र समितीकडून तपासणी होते. या सगळ्याला काही महिने जातात, तेव्हा याच्या भरवशावर नोकरीचा राजीनामा देऊ नये.

करार आणि पैसे

मंजुरीनंतर सामंजस्य करार होतो आणि त्याला टप्प्यांची यादी जोडलेली असते. आगाऊ रक्कम मिळत नाही. टप्पा पूर्ण झाला की कोड किंवा दस्तऐवज जिथे खुला आहे त्याचा दुवा देऊन पैशाची मागणी करायची, ते तपासतात आणि मग पैसे पाठवतात. म्हणून टप्पे लहान ठेवावेत. १८,००० युरोचे दोनच टप्पे केले तर पहिले पैसे हाती येईपर्यंत घरखर्च स्वतःच चालवावा लागतो. सात-आठ केले तर ओघ राहतो. टप्प्याचं वर्णनही आपल्या हातात असेल असं लिहा. 'मुख्य प्रकल्पात विलीन झालं' असं लिहिलं तर पैसे दुसऱ्याच्या होकारावर अडकतात. त्याऐवजी 'विलीनीकरणासाठी पाठवलं आणि परीक्षणातल्या सूचनांवर काम केलं' असं लिहावं.

भारतातल्या अर्जदाराने एक गोष्ट सही करण्याआधीच उरकावी. एनएलनेट हे पैसे देणगी म्हणून देते आणि परदेशी देणगी म्हटलं की २०१०चा विदेशी अंशदान कायदा, म्हणजे एफसीआरए आठवावा लागतो. कॉलेज, ट्रस्ट किंवा सोसायटीच्या नावाने पैसे घ्यायचे तर एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं ठरावीक खातं आहे का, ते आधी पाहा. व्यक्ती किंवा कंपनीने कराराचा मसुदा हा कायदा जाणणाऱ्या सीएला दाखवावा, कारण रक्कम देणगी धरायची की व्यवसायातल्या कामाचा मोबदला, यावर कायदा आणि आयकर दोन्ही अवलंबून आहेत. पैसे आल्यावर बँक त्याचा हेतू-संकेत (ते कशासाठी आले हे सांगणारा 'पर्पज कोड') विचारते. तो सीएने ठरवलेल्या वर्गवारीशी जुळलाच पाहिजे. प्रत्येक हप्त्याचं परकीय जमा प्रमाणपत्र बँकेकडून मागून घ्या आणि त्याला त्या टप्प्याच्या मागणीची प्रत जोडून ठेवा.