‘आपल्याकडचा’ माल कोणता? सरकारी खरेदीतल्या स्थानिक प्राधान्याची पार्श्वभूमी

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझ्या मामेभावाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, वेल्डिंगचे सेट आणि सात-आठ माणसं. कन्व्हेयरचे रोलर आणि ब्रॅकेट हे त्याचं मुख्य काम. टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवलेला असतो. त्यावर तीन रकाने आहेत: माल कधी दिला, बिल कधी लावलं, पैसे कधी आले. तिसरा रकाना अर्ध्याहून जास्त कोरा आहे. एखादी निविदा हातची गेली की तो एकच गोष्ट विचारतो, “कोळसा आपल्याकडं निघते, वीज आपल्याकडं बनते, मंग रोलर बाहेरून काऊन येते?”

याचं उत्तर द्यायचं तर आधी ‘आपल्याकडं’ म्हणजे कुठवर, हे ठरवावं लागतं. सरकारी खरेदीच्या दीडशे वर्षांत या शब्दाचा अर्थ वारंवार बदलला. कधी तो देशाएवढा झाला, कधी राज्याएवढा. माझ्या मते नागपूरएवढा मात्र तो कधीच झाला नाही.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थान सरकारला लागणारे रूळ, पुलांचं लोखंड, यंत्रं आणि कितीतरी बारीकसारीक माल लंडनच्या इंडिया ऑफिसच्या भांडार खात्यामार्फत विकत घेतला जाई. मागणीपत्र इथून जायचं, निविदा तिकडे निघायची आणि माल जहाजातून यायचा. इथल्या कारागिराला आपला माल कोणाला हवा होता, हेसुद्धा कळत नसे. देशी माल मिळत असेल तर तो घ्यावा, असे ठराव १८८०च्या दशकापासून झाले. पण खरेदीचं टेबलच लंडनला असल्यामुळे ठराव बहुतेक कागदावरच राहत.

त्या काळातल्या एका सौद्याचा नागपूरशी जवळचा संबंध आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली. पुढे पोलादाच्या कारखान्याचं त्यांच्या मनाने घेतलं ते आपल्याच चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाचा अहवाल वाचून. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा ठरला नाही आणि कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, गेला. जमशेटजी १९०४ साली वारले. त्यानंतर सरकारने टाटांना शब्द दिला की दहा वर्षं दरवर्षी २० हजार टन रूळ आम्ही घेऊ. अटी दोनच होत्या: माल ठरलेल्या प्रतीचा हवा आणि भाव आयात केलेल्या रुळांपेक्षा जास्त नको. भावात एका पैशाची सवलत नव्हती, पण गिऱ्हाईक मात्र पक्कं होतं. अजून उभा राहायच्या कारखान्याला आणखी काय लागतं? हा सौदा लक्षात ठेवावा, कारण शंभर वर्षांनी सरकार फिरून याच तत्त्वावर आलं.

पहिल्या महायुद्धात जहाजं अडली आणि लंडनवर विसंबणं किती महागात पडतं ते सरकारला कळलं. १९१६ ते १९१८ या काळात बसलेल्या औद्योगिक आयोगाने खरेदी हिंदुस्थानातच व्हावी अशी शिफारस केली. १९२२ साली ‘इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट’ निघालं. निविदा रुपयात मागवायची आणि माल इथे पोचल्यावर पैसे द्यायचे, हे धोरण त्या दशकाच्या अखेरीस ठरलं. या सगळ्यात ‘स्थानिक’ म्हणजे हिंदुस्थानी. मँचेस्टरच्या विरोधात नागपूर आणि मद्रास एकाच बाजूला होते.

वर्ध्यात मात्र कोणीतरी वर्तुळ लहान करत होतं. १९३४ साली मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्याचं काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी हाती घेतलं. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचे अध्यक्षही कुमारप्पाच. अहवाल १९३९ सालचा. त्यांच्या विचारात स्थानिक म्हणजे गाव आणि गावाभोवतीचा टापू. माल जिथे लागतो त्याच्या जवळ तो व्हावा, म्हणजे खर्च केलेला पैसा तिथल्याच हातांत फिरतो, हे त्यांचं साधं गणित होतं. नागपुरातून पाऊण शतकभर सरकारी खरेदीवर जी भाषणं होत आली, त्यांतला कळीचा मुद्दा मला तरी इथेच सापडतो.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ स्थापन झालं, ते १९५५ साल. केंद्राच्या खरेदीत काही वस्तू फक्त लहान कारखान्यांसाठी राखीव ठेवल्या गेल्या. बाकी वस्तूंत मोठ्या कारखान्याच्या तुलनेत १५ टक्क्यांपर्यंत जास्त भाव द्यायची मुभा होती. म्हणजे आता कसोटी जागेची नव्हती, आकाराची होती. राज्याने १९६२ साली महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ काढलं आणि सरकारी कार्यालयांना लागणाऱ्या ठरावीक वस्तू त्याच्यामार्फत घेतल्या जाऊ लागल्या.

आमच्या शहराला यातलं जवळचं महामंडळ म्हणजे हातमागाचं. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ १९७१ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय नागपुरात आलं. लहानपणी पाचपावलीतल्या ज्या घरी आम्ही सुट्टीत जायचो, त्याच्या शेजारी दिवसभर माग चाले. धोटा इकडून तिकडे गेला की एक खट्, फणी आपटली की दुसरा. ओसरीवर बायका चरख्यावर कांड्या भरत बसायच्या. त्या मागावर काही दिवस फक्त पांढऱ्या चादरी निघत, एकसारख्या, ना काठ ना नक्षी. कोणीतरी सांगितलं, या दवाखान्याच्या. सूत महामंडळ देई, विणून झालेलं कापड परत महामंडळ घेई, विणकराला मजुरी मिळे आणि चादर सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर जाई. लुगड्याचा बाजार मंदावला तरी चादरींचं काम आलं की त्या घरी चूल पेटायची. स्थानिक खरेदी म्हटली की मला तीच खट्-खट् ऐकू येते. पुढे यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं, सरकारी खात्यांची मागणी आटत गेली आणि एकेक माग अडगळीत गेला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून झालेल्या १९५३च्या नागपूर करारात निधी लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावा, सरकारी नोकऱ्या आणि शिक्षणातल्या जागा त्याच प्रमाणात मिळाव्यात आणि विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात व्हावं, हे लिहिलं गेलं. १९८४च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण यांचा अनुशेष मोजला. सरकार इथे किती खर्च करतं यावर आम्ही अधिवेशनामागून अधिवेशन भांडलो. तो खर्च कोणाच्या गल्ल्यात जातो, हा हिशेब मात्र आमच्या मागण्यांत क्वचितच आला. नागपुरात बांधलेल्या इमारतीचा पैसा नागपूरच्या अनुशेषात जमा धरला जातो, मग तिच्या खिडक्या-दारांपासून वायरिंगपर्यंत सगळं बाहेरून आलेलं असलं तरी.

आताचे नियम २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यावर उभे आहेत. त्याच्या आधारे केंद्राने २०१२ साली खरेदी धोरण आणलं. केंद्रीय मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीचा २० टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून घ्यावा, असं त्यात होतं. हा हिस्सा २०१८ साली २५ टक्के झाला. कोळसा काढणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि मँगनीज काढणारी मॉइल या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत आणि दोघींनाही हे लागू आहे. धोरणातली खरी मेख अशी: लहान कारखान्याचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याने तो कमी दर मान्य करायचा आणि ठरलेला हिस्सा त्याला द्यायचा. जास्त भाव कोणी देत नाही, संधी तेवढी देतात. टाटांच्या रुळांचाच हा सौदा आहे. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ, निविदेचा अर्ज फुकट, याही सवलती आहेत आणि त्या उपयोगी पडतात. पण राजकोटचा किंवा लुधियानाचा लघुउद्योग या २५ टक्क्यांत हिंगण्याच्या बरोबरीने बसतो.

२०१७च्या जूनमध्ये ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा आदेश निघाला, त्यात तर ‘स्थानिक पुरवठादार’ हाच शब्द आहे. त्याचा अर्थ मात्र वस्तूत देशांतर्गत मूल्य किती टक्के आहे, एवढाच. ५० टक्के किंवा जास्त असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातला. म्हणजे फिरून १९२२चाच अर्थ आला. त्याच सुमारास सरकारी खरेदी ‘जेम’ या केंद्राच्या ऑनलाइन बाजाराच्या पोर्टलवर जाऊ लागली, आणि तिथे तर दुकान अख्ख्या देशाला उघडं असतं.

मग महापालिकेने किंवा राज्याने सरळ ‘फक्त नागपूरचे’ असं का लिहू नये? तर संविधानाचा १४वा अनुच्छेद आडवा येतो, आणि व्यापाराच्या स्वातंत्र्याचा ३०१वा. शेजारच्या छत्तीसगडने सरकारी शाळांच्या क्रीडा साहित्याच्या निविदांत अट घातली होती की याच राज्यातल्या सरकारी संस्थांना आधी पुरवठा केलेला असला पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मला हा निकाल पटतो. रायपूरने भिंत बांधली की पहिला फटका नागपूरच्याच पुरवठादाराला बसतो, चार-पाच तासांच्या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला तो मुकतो.

पण न्यायालयाने उलट्या बाजूची भिंतही पाडली आहे. अंगणवाडीच्या पूरक आहारात कंत्राटदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं होतं. तरी महाराष्ट्राने २०१६च्या निविदेत अंगणवाड्यांचे अनेक प्रकल्प एकत्र बांधून अशा अटी घातल्या की बचत गट दारातच अडावेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये, वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात, ती निविदा रद्द झाली. जागेचं नाव न घेताही स्थानिकाला बाहेर ठेवता येतं, हे यातून दिसतं. उलाढालीची अट मोठी करा, पाच जिल्ह्यांची कामं एका निविदेत बांधा, झालं. मामेभावाच्या हातून गेलेल्या निविदा बहुतेक याच अटींवर गेल्या. दरावर तो फार थोड्या वेळा हरला.

शाळेच्या गणवेशात हे सर्वांना दिसलं. पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसे येत आणि गावातला किंवा मोहल्ल्यातला शिंपी मुलांची मापं घेई. २०२४-२५ साठी राज्याने कापड एकत्र खरेदी केलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली. शिवणारे हात स्थानिकच होते, पण कापड आणि वेळापत्रक वरून येत होतं. गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार परत शाळा समित्यांकडे गेला. खरेदीचं टेबल लंडनला असो की मुंबईला, मूल उभं कुठे आहे ते तिथून दिसत नाही.

राहिला तो तिसरा रकाना. २००६च्या कायद्यात लहान उपक्रमाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुकरता परिषद आहे. मामेभावाला हे सगळं पाठ आहे. एका सरकारी कंपनीकडे त्याचं बिल गेल्या दिवाळीपासून अडकलंय. अर्ज कर म्हणून मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, “केला असता. पण पुढच्या महिन्यात त्यांचंच टेंडर निघून राहिलं.”